‘हेलफायर मिळतंय, मग देशी क्षेपणास्त्र कशाला?’

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: लेझर-गायडेड क्षेपणास्त्र हे जुनाट तंत्र, धूर आला की आंधळं होणारं, आपलं ‘स्वदेशी’ म्हणजे परदेशी मालावर डकवलेलं लेबल, अपाचे हेलिकॉप्टरसोबत अमेरिकेचं हेलफायर क्षेपणास्त्र आलंच आहे, तेच आणखी घ्या.

पहिल्या आणि शेवटच्या मुद्द्याचं आपसातच जमत नाही. हेलफायरची ‘आर’ आवृत्ती लेझरवरच चालते. जे जुनाट म्हणून टाकायचं, तेच डॉलर मोजून आणायचं?

धुराचं मात्र खरं आहे. हेलिकॉप्टर, ड्रोन किंवा जमिनीवरचा जवान लक्ष्यावर डोळ्यांना न दिसणारा लेझरचा झोत धरून ठेवतो आणि तिथून परतलेला प्रकाश क्षेपणास्त्राच्या टोकाशी बसवलेला सीकर, म्हणजे लक्ष्य शोधणारं उपकरण, टिपतो. त्यातला डिटेक्टर चार भागांचा असतो. एका भागावर प्रकाश जास्त पडला, की क्षेपणास्त्राचा रोख चुकतोय हे कळतं आणि चारही भागांवर तो सारखा होईपर्यंत पंख वळत राहतात. झोताच्या स्पंदनांना आधीच ठरवलेला कोड असतो, म्हणून शेजारच्या दुसऱ्या झोतामागे ते जात नाही. दाट धूर किंवा ढग मध्ये आला, की ही साखळी तुटते. म्हणूनच डीआरडीओ या सरकारी संरक्षण-संशोधन संस्थेने सगळी भिस्त लेझरवर ठेवलेली नाही: ‘हेलिना’ हे क्षेपणास्त्र उष्णतेच्या प्रतिमेवरून लक्ष्य ओळखतं, तर 10 किलोमीटर पल्ल्याच्या ‘सँट’मध्ये मिलिमीटर-वेव्ह रडारचा सीकर आहे.

लेबलाचा आरोप करणाऱ्यांनी नगरजवळच्या के. के. रेंजकडे पाहावं. 22 सप्टेंबर 2020 रोजी तिथे अर्जुन रणगाड्यातून लेझर-गायडेड क्षेपणास्त्र डागलं आणि 3 किलोमीटरवरचं लक्ष्य उडवलं. ते हेलफायरसारखं हवेतून सुटणारं नाही, पण लेझरचा माग काढण्याचं तत्त्व तेच. पुण्याच्या एआरडीई आणि एचईएमआरएल, डेहराडूनच्या आयआरडीई या प्रयोगशाळांनी ते विकसित केलं. अर्जुनच्या 120 मिमी तोफेची नळी आतून आटेदार आहे; जगातल्या बहुतेक 120 मिमी रणगाडा-तोफांच्या नळ्या गुळगुळीत असतात. अशा तोफेला जुळणारं अस्त्र तयार मिळणं अवघडच. प्रत्येक सुटा भाग इथलाच आहे असं मी म्हणत नाही, पण हे काम लेबल डकवण्याचं नक्कीच नाही.

राहिला विकत घेण्याचा मुद्दा. कारगिल युद्धात 24 जून 1999 रोजी टायगर हिलवर मिराज विमानांनी लेझर-गायडेड बॉम्ब टाकले. साध्या बॉम्बला लेझर-गायडेड करणारे त्यांचे पेव्हवे संच अमेरिकी बनावटीचे, विमानावर बसवलेला, लक्ष्य दाखवणारा लायटनिंग पॉड इस्राएली. आणि 1998 च्या अणुचाचण्यांमुळे त्याच अमेरिकेचे निर्बंध तेव्हा आपल्यावर होते. लढाई ऐन भरात असताना पुढचा संच मिळेल की नाही, हे दुसऱ्या देशाच्या मर्जीवर ठेवणं मला तरी पटत नाही. पुढे डीआरडीओच्या बेंगळुरूतल्या एडीई या प्रयोगशाळेने ‘सुदर्शन’ हा लेझर-गायडेड बॉम्ब विकसित केला.

टीका करायचीच असेल तर ती दिरंगाईवर करा. ‘हेलिना’ ज्या ‘नाग’ कुळातलं, त्या ‘नाग’चं काम 1983 च्या क्षेपणास्त्र कार्यक्रमातलं, आणि त्याची अंतिम चाचणी व्हायला ऑक्टोबर 2020 उजाडला. इतकी वर्षं का लागली, याचा जाब जरूर विचारायला हवा.