फुप्फुसांना शासकीय शिस्त कशी लावावी

दिल्लीला बिऱ्हाड हलवत असाल तर भांडी बांधण्याआधी फुप्फुसांना नियम समजावून सांगा. मुंबईत त्यांचे फार लाड होतात. डिसेंबर 2024 मध्ये हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (जितका जास्त, तितकी हवा वाईट) 200 च्या वर राहिला म्हणून भायखळा आणि बोरिवली पूर्वेत महापालिकेने चक्क बांधकामे थांबवली! दिल्लीत 201 ला 'ग्रॅप'चा, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे निर्बंध वाढवणाऱ्या सरकारी योजनेचा, नुसता पहिला टप्पा लागतो. म्हणजे रस्त्यावर पाणी मारायचे आणि कचरा जाळू नका म्हणून बजावायचे. चौथा टप्पा, म्हणजे अस्सल आणीबाणी, 450 ओलांडल्यावर. 449 ला धाप लागली तर तो तुमचा घरगुती प्रश्न.

पहाटे उठून खोकत बसू नका. अधिकृत आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो आणि तो दुपारी चारला येतो. तोवर दम धरा. सरकारी पट्टी 500 ला संपते, तेव्हा त्यापुढे हवा बिघडतच नाही. मोबाइलमधले एखादे आगाऊ ॲप हजार दाखवत असेल तर ते काढून टाका. जागतिक आरोग्य संघटनेचेही फार मनावर घेऊ नका. पीएम 2.5, म्हणजे फुप्फुसात खोल जाणारी अतिसूक्ष्म धूळ, दिवसाच्या सरासरीत घनमीटरमागे 15 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की त्यांचा जीव घाबरा होतो. आपल्याकडे 60 पर्यंत हवा 'समाधानकारक' असते. शेवटी समाधान मानण्यावर आहे.

मूल असेल तर त्याला दहावीत घाला. नोव्हेंबर 2024 मध्ये चौथा टप्पा लागला तेव्हा बाकीच्यांचे वर्ग ऑनलाइन झाले, दहावी-बारावीचे मात्र शाळेतच ठेवले. बोर्डाच्या परीक्षेला बसणारी फुप्फुसे वेगळ्या मालाची असतात. सर्वोच्च न्यायालयाला हे शास्त्र कळले नाही. त्याने दुसऱ्याच दिवशी त्यांनाही घरी बसवायला सांगितले.

घर मात्र हवामापन केंद्राला खेटून घ्या. 2025 च्या दिवाळीच्या सुमारास आनंद विहारच्या केंद्राजवळ आकडा खाली यावा म्हणून टँकरने पाणी फवारल्याचा आरोप विरोधकांनी केला होता. खरेखोटे त्यांचे त्यांना ठाऊक. निदान तुमच्या कुंड्यांची सोय होईल. त्याच महिन्यात कृत्रिम पावसासाठी विमानही उडवले. ढगांत पुरेशी ओल नव्हती, पाऊस पडला नाही. विमान मात्र आले होते.

इतके करून मरायची वेळ आलीच, तर निव्वळ प्रदूषणाने मरा. केवळ हवेच्या प्रदूषणामुळेच मृत्यू होतो असे सिद्ध करणारी ठोस आकडेवारी नाही, असे सरकारने संसदेत सांगून ठेवले आहे. सोबत मधुमेह, जुना दमा असले काही घेऊन गेलात तर तुमची नोंद त्यांच्या नावावर होईल. वेळेत तपासण्या करून घ्या.