सिंधुदुर्गाचा तट आणि समुद्राची पातळी

मालवणच्या किनाऱ्यावरून टिपलेले सिंधुदुर्ग किल्ल्याचे छायाचित्र आणि त्याखालचा एक मजकूर कोकणात मोबाइलवरून सर्वत्र फिरतो आहे. त्याचा आशय असा, की 1664 मध्ये पाया घातलेला किल्ला आजही पाण्याबाहेर आहे, ग्लासातला बर्फ वितळल्याने पाणी वाढत नाही, दाभोळची खाडी तर उथळच झाली आहे. सबब समुद्र वाढतो ही परदेशी शास्त्रज्ञांनी पसरवलेली भीती आहे. शिकलेली माणसेही हा मजकूर पुढे पाठवतात, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते.

प्रथम किल्ल्याविषयी. 1901 ते 2018 या काळात जगभरातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आहे. मालवणला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पाण्यात सुमारे दोन मीटरांचा फरक पडतो, आणि रोजची ही चढउतार सोसण्यासाठीच तो तट बांधलेला आहे. तेव्हा शतकभरात झालेली वीतभर वाढ जेटीवर उभे राहून डोळ्यांनी दिसावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. ती कळण्यासाठी एकाच जागी वर्षानुवर्षे केलेली मोजणी लागते. मुंबईला अपोलो बंदरावर अशी मोजणी 1878 पासून होत आली, म्हणजे हवामानबदलाचे राजकारण जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून. त्या नोंदींतली दीर्घकालीन वाढ जागतिक सरासरीपेक्षा कमी आहे हे मान्य करायला हवे, पण ती वाढ आहे, घट नाही.

ग्लासातल्या बर्फाचे उदाहरण तरंगत्या बर्फापुरते बरोबर आहे. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील बहुतेक बर्फ मात्र जमिनीवर साठलेला आहे. पाण्याच्या हंड्यावर चाळण ठेवून तीत बर्फ ठेवला, तर वितळणारा प्रत्येक थेंब हंड्यात भरच घालतो. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे सात मीटर चढेल. शिवाय पाणी तापले की प्रसरण पावते, आणि 1971 नंतरच्या वाढीपैकी जवळपास निम्मी वाढ केवळ या प्रसरणामुळे झाली आहे. त्या मजकुरात या कारणाचा उल्लेखही नाही.

खाडी उथळ होण्याचा समुद्राच्या पातळीशी संबंध नाही, तो गाळाशी आहे. सह्याद्रीच्या उतारांवरून पावसाबरोबर वाहून आलेली माती खाडीत बसते आणि तळ वर येतो. 2021 च्या महापुरानंतर चिपळूणला दाभोळच्याच खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीतला गाळ उपसावा लागला तो यामुळेच.

उलट बाजूची घाईही मला मान्य नाही. किनाऱ्याची प्रत्येक धूप पातळीवाढीमुळे होत नाही. वाळूउपसा आणि चुकीच्या जागी घातलेले बंधारेही किनारा खातात. पण सरासरी पातळी वर गेली की प्रत्येक उधाण आणि प्रत्येक वादळ त्या वाढलेल्या पाण्यावर स्वार होऊन येते. खारभूमीचा बांध उधाणाच्या पाण्यापेक्षा जेमतेम हातभर उंच असतो. त्या हातातली वीत समुद्राने घेतली, तर किल्ल्याचा तट कोरडा राहील आणि बांधामागच्या भातशेतीत खारे पाणी शिरेल.