कोपऱ्यातली चार माणसं

वाद पेटवला बारक्यानं. बहीण म्हणतेय भाचीला तलवारबाजीच्या क्लबात घालू, आणि याचा प्रश्न एकच : "पदक-बिदक मिळेल ना?"

"मिळणार असेल तरच घाल," वकील म्हणाला. "क्लब म्हणजे पदकांचा कारखाना. इटलीतलं येझी बघ. चाळीसेक हजार वस्तीचं गाव. १९९२ ते २०१२ या सहा ऑलिंपिकांत महिलांच्या फॉइलचं, म्हणजे तलवारबाजीच्या तीन प्रकारांतल्या एकाचं, वैयक्तिक सुवर्ण पाच वेळा त्या एका क्लबात गेलं. त्रिलिनी एकदा, वेझाली तीनदा, दी फ्रांचिस्का एकदा. १९९६ तेवढं हुकलं."

"आणि तो कारखाना काढला कुणी?" मास्तरांनी विचारलं.

वकील गप्प. आकडे पाठ, माणसं नाहीत. नेहमीचंच त्याचं.

"एत्सिओ त्रिक्कोली," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या महायुद्धात पकडला गेलेला इटालियन सैनिक. दक्षिण आफ्रिकेतल्या कैद्यांच्या छावणीत तलवार धरायला शिकला, तीही एका इंग्रज सार्जंटकडून. म्हणजे शत्रूकडूनच की! सुटून घरी आला आणि १९४७ साली क्लब काढला. ज्याच्या आधारानं कैदेतले दिवस काढले, ते त्यानं गावच्या पोरांना दिलं. पदकं फार नंतरची."

"बरं, मग जर्मनीतलं टाउबर... टाउबरबिशोफ्स..." वकील दोनदा अडखळला. बारक्या खो खो हसला. "...हाइम! एमिल बेक नावाच्या न्हाव्यानं तिथं तलवारबाजी उभी केली. स्वतःच शिकला, मग इतरांना शिकवलं. १९८८ च्या सोलमध्ये महिला फॉइलची तिन्ही वैयक्तिक पदकं त्याच्याच पोरींना. आणि २०१६ ला रिओत? अख्ख्या जर्मनीला तलवारबाजीत एकही नाही. पदकं आटली की असल्या क्लबांना विचारतो कोण?"

मुद्दा बिनतोड होता, कबूल करायला हवं. मी मास्तरांकडे पाहिलं. पण ते भलतीकडेच वळले.

"वार लागला की दिवा लावणारं विजेचं यंत्र यायच्या आधी एका लढतीला किती माणसं लागायची, सांग."

"दोन. लढणारे."

"सात! दोघं लढणारे, एक मुख्य पंच आणि चार कोपऱ्यांत चार जण. पात्याचं टोक लागलं की नाही, हे त्या चौघांनी डोळ्यांनी बघायचं. आता हरलेला तू, पुढच्या लढतीत दुसऱ्याच्या कोपऱ्यात उभा. पाच माणसं फुकट उभी राहायला तयार नसतील, तर दोघांनी लढायचं कसं? क्लब त्यातून धरून राहायचा."

"यंत्रानं ती गरजच संपवली की," वकिलानं लगेच पकडलं. "इपी या दुसऱ्या प्रकाराला १९३६ च्या ऑलिंपिकमध्येच यंत्र आलं. फॉइलला पन्नाशीच्या दशकात, तिसऱ्या प्रकाराला, सेबरला, तर ऐंशीच्या दशकाअखेर. आता दिवा लागतो. कोपऱ्यातली माणसं गेली घरी."

"घरी नाही, वायरी दुरुस्त करायला!" हे मी बोललो. यंत्राचा कारभार ज्यानं पाहिलाय त्याला कळेल. जॅकेटच्या आतून जाणारी वायर नेमकी लढतीच्या आधी दगा देते, पात्याच्या टोकाची स्प्रिंग अडकते, आणि मग क्लबातला एक कुणीतरी, जो बहुधा कधीच काही जिंकलेला नसतो, तो स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो. त्याच्याशिवाय विजेता पिस्टवर, म्हणजे लढतीच्या पट्टीवर, चढत नाही. यंत्रानं माणसं कमी केली हे खरं, पण अगदी शून्यावर नाही आणली.

"पण हा बड्यांचाच खेळ," वकील आता दुसऱ्या बाजूनं शिरला. "मास्क, जॅकेट, पाती. गरिबाचं पोर दारातून आत येईल?"

"न्यूयॉर्कमध्ये आणलं ना," मास्तर म्हणाले. "पीटर वेस्टब्रूक. १९८४ चा सेबरमधला ऑलिंपिक कांस्यविजेता, स्वतः गरिबीत वाढलेला. लहानपणी शिकवणीला जावं म्हणून आईनं पैशाचं आमिष दाखवलं होतं त्याला! १९९१ मध्ये त्यानं संस्था काढली. दर शनिवारी पोरांना शिकवायचं आणि शाळेच्या अभ्यासाकडेही बघायचं. इब्तिहाज मोहम्मद तिथलीच, २०१६ ची सांघिक कांस्यविजेती."

"बघा! शेवटी पदकावरच आलात!"

मास्तर चिडले. पण वकिलाचं चुकलं नव्हतं. ज्या क्लबातून कुणी जिंकलंच नाही, त्याचं नाव आमच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हतं. मला तेवढ्यापुरती ती हार वाटली.

बारक्या इतका वेळ नखं कुरतडत होता. "मला एवढंच सांगा, पहिल्या दिवशी तिच्याशी खेळेल कोण? नवखीशी खेळायचा कंटाळा येणार सगळ्यांना."

"उजव्या हाताची असेल तर थोडी वाट बघावी लागेल," मास्तर म्हणाले. "डावखुरी असेल तर रांग लागेल. डावखुऱ्याशी खेळायची सवय प्रत्येकाला हवी असते, आणि क्लबात डावखुरे मोजकेच."

बारक्यानं नखं सोडली.

"डावखुरीच आहे ती. शाळेत लिहिताना शेजारणीचा कोपर लागतो म्हणून रोज भांडते."