रिकामे कोअर आणि तुटणारा आवाज

सुपरकोलायडरसारख्या ध्वनिसंश्लेषणाच्या सॉफ्टवेअरविषयी एक तक्रार नेहमी पुढे पाठवली जाते. आठ कोअरच्या, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ गणनकेंद्रांच्या, प्रोसेसरवर जेमतेम तेरा टक्के वापर दिसत असतानाही आवाज तुटतो, म्हणजे सात कोअर रिकामे बसले आहेत. हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा आळस आहे. काम सगळ्या कोअरवर वाटले तर आठपट स्वर वाजतील आणि विलंबही, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ, कमी होईल, असा तिचा आशय. यातले निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

तेरा टक्क्यांचे गणित सोपे आहे. आठांपैकी एक कोअर पूर्ण भरला की सरासरी साडेबारा टक्के येते. पण आवाजाला सरासरीशी कर्तव्य नसते. सुपरकोलायडर ध्वनी ६४ सॅम्पलच्या, म्हणजे ध्वनिलहरीच्या ६४ मोजमापांच्या, खंडांत मोजतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पल धरले आणि साउंडकार्डाचा बफरही (आवाज तात्पुरता साठवण्याची जागा) ६४चाच ठेवला, तर प्रत्येक खंडाला १.३३ मिलिसेकंद मिळतात. सेकंदाभरातल्या ७५० खंडांपैकी ७४९ वेळेत झाले आणि एक चुकला, तरी खरखर ऐकू येतेच.

आता आठपटीचा दावा. समजा, आपण तानपुरा संश्लेषित करतो आहोत : चार तारा, आणि त्यांची बेरीज ज्यातून जाते असा एक रिव्हर्ब, म्हणजे खोलीतल्या घुमण्याचा परिणाम देणारा भाग. प्रत्येक तारेला खंडामागे ०.२४ मिलिसेकंद आणि रिव्हर्बला ०.६४ लागतात असे धरू. एका कोअरवर एकूण १.६ मिलिसेकंद होतात आणि वेळ हुकते. चार तारा चार कोअरवर टाकल्या की काम ०.८८ मध्ये आटोपते, म्हणजे तक्रारदारांचा उपाय इथे खरोखर लागू पडतो. पण वेग १.८ पटच वाढला, आणि उरलेले चार कोअर दिले तरी तो तेवढाच राहील, कारण तारा चारच आहेत आणि त्या वाजल्याशिवाय रिव्हर्बला हात लावता येत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेली मर्यादा ती हीच. पुढचे खंड आधीच दुसऱ्या कोअरकडे सोपवावेत, तर फिल्टर आणि रिव्हर्ब यांना मागच्या खंडाची अखेरची स्थिती हवी असते. शिवाय वरच्या हिशेबात कोअरनी एकमेकांसाठी थांबण्याचा खर्च धरलेलाच नाही.

आळसाचा आरोप मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. सुपरकोलायडरचा मूळ सर्व्हर (आवाज प्रत्यक्ष तयार करणारा भाग) एससीसिंथ संश्लेषणासाठी एकच थ्रेड, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणारी कामांची साखळी, वापरतो हे खरे. पण टिम ब्लेखमान यांनी लिहिलेला सुपरनोव्हा हा बहुकोअर सर्व्हर त्याच्यासोबतच मिळतो. त्यात समांतर चालणारे सिंथ (तार किंवा रिव्हर्ब यांसारखे ध्वनीचे एकेक घटक) ‘पॅरग्रुप’ या गटामध्ये ठेवण्याचे काम वापरकर्त्याचे असते, आणि त्याला कारण आहे. एक सिंथ बसवर, म्हणजे ध्वनी इकडून तिकडे नेणाऱ्या सामायिक वाहिनीवर, लिहितो, दुसरा त्याच बसवरून वाचतो, आणि बसचा क्रमांक वाजता वाजताही बदलता येतो. त्यामुळे कोण कोणावर अवलंबून आहे हे सर्व्हरला आधी कळत नाही. त्याने अंदाजाने काम वाटले, तर रिव्हर्ब तारांच्या आधी चालून मागच्या खंडातला किंवा रिकामा ध्वनी उचलेल. पॅरग्रुपमधल्या सिंथांचा आपसातला क्रम ठरलेला नसतो, म्हणून चार तारा त्यात घालाव्यात आणि रिव्हर्ब त्या ग्रुपच्या नंतर, बाहेर ठेवावा. एवढे एकदा लिहून द्यावे लागते, इतकेच.

विलंबाबाबत तर दाव्याची दिशाच चुकते. विलंब कमी करायचा तर खंड लहान करावा लागतो. खंड लहान केला की संगीताचे गणित कमी होते, पण कोअरना कामाला लावण्याचा आणि सगळे परत येईपर्यंत थांबण्याचा खर्च दर खंडामागे जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे विलंब जितका कमी मागावा, तितका वाटणीचा फायदा घटतो.

शेवटी रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचा दाखला दिला जातो की, त्याला जमते मग यांना का नाही? रीपर रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवरचे परिणाम थोडे आगाऊ मोजून ठेवू शकतो, कारण पुढे काय वाजणार हे त्याला ठाऊक असते. त्याच रीपरमध्ये ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी सज्ज करून माइकचा आवाज थेट ऐकू लागलात, की त्या ट्रॅकपुरती ही आगाऊ मोजणी थांबते.