पाटी नसलेलं घर नकाशावर काय म्हणून लिहायचं?

गेल्या आठवड्यात ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा ऑनलाइन नकाशावर, आपल्या सोलापुरातल्या एका साध्या घरावर कुणीतरी नाव टाकलं, 'महिला निवारा गृह'. कुठल्या भागातलं, ते इथं लिहिणार नाही. त्या घराला पाटी नाही, आणि ती मुद्दामच लावलेली नाही. मी नाव काढून टाकलं.

टाकणारा कॉलेजातला मुलगा, कामाचा आणि चिकाटीचा. त्याचा लगेच मेसेज आला, "सर, माहिती चुकीची आहे का?"

चुकीची नव्हती, म्हणूनच काढली. मार खाऊन घर सोडलेल्या बाईला जो शोधत फिरतोय, त्याच्या खिशातल्या मोबाइलवरही हाच नकाशा उघडतो.

पण पोराचं म्हणणं रास्त होतं. जागेवर जाऊन बघा, दुसऱ्यालाही पडताळता येईल तेवढंच लिहा, हे मीच त्याला शिकवलेलं. आमच्या गल्लीत एका गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिला ना नळ, ना पाइप. खाली उतरते ती बोटाएवढी जाड काळी केबल. आत मोबाइलचा अँटेना. तो आम्ही दोघांनी मिळून नोंदवला, आणि तो नोंदवलाच पाहिजे. डोक्यावर काय उभं आहे हे गल्लीतल्या माणसांना कळायलाच हवं.

लंडनमध्ये लीन्स्टर गार्डन्सला 23 आणि 24 नंबरची घरं रस्त्यावरून अगदी शेजारच्यांसारखी दिसतात. मागे घरच नाही. 1860 च्या दशकात भुयारी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना धूर सोडायला मोकळी जागा हवी होती, म्हणून घरं पाडली आणि पुढं नुसती भिंत उभी केली, खिडक्या रंगवलेल्या. अशा ठिकाणी दोन्ही लिहावं, दिसतं काय आणि आहे काय. ओपनस्ट्रीटमॅपवर इमारतीची बांधणी आणि तिचा वापर वेगवेगळे नोंदवता येतात, ते याचसाठी उपयोगी पडतं.

नकाशांच्या माहितीबद्दल आपल्या केंद्र सरकारच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतही भर आहे तो जागेला कोणती ओळख चिकटवता यावर. मला ते पटतं, पण एवढ्यानं भागत नाही. लपलेलं कोण आणि कुणापासून, हे आधी विचारायला हवं. यंत्र लपवलं असेल तर बिनधास्त लिहा. जिवाच्या भीतीनं माणूस लपलं असेल तर तिथं फक्त 'घर' लिहायचं. नान्नजचं माळढोक अभयारण्य नकाशावर खुशाल ठळक दाखवा. पण माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश कुणी टाकू नयेत.

हे सगळं त्या मुलाला फोनवर सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण सर, मागच्या आवृत्त्यांत ते नाव अजून दिसतंय."

बरोबर होतं त्याचं. नोंद काढली तरी इतिहासात ती राहते, कुणीही उघडून बघू शकतं. ती झाकायला डेटा वर्किंग ग्रुपला, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या अशा तक्रारी बघणाऱ्या गटाला, कळवावं लागतं. रात्री आम्ही दोघांनी मिळून तो अर्ज लिहिला. उत्तर यायचंय.