एनएव्ही पाठ करा, बाकीचे नाना बघून घेतील

मागच्या रविवारी यावल तालुक्यातल्या एका मळ्यात आमची भरिताची पार्टी झाली. बांधापाशी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, शेजारच्या कढईत कळण्याच्या पुऱ्या फुगत होत्या, आणि धुराच्या विरुद्ध अंगाला अंथरलेल्या सतरंजीवर दहा-बारा सुशिक्षित गृहस्थ लंडनच्या बाजारात नोंदलेल्या एका कंपनीच्या शेअरवर चर्चा करत होते. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून निघणाऱ्या नव्या कंपन्यांना सुरुवातीचे भांडवल द्यायचे आणि त्या बदल्यात त्यांचा हिस्सा घ्यायचा, हा त्या कंपनीचा व्यवसाय. प्रयोगशाळेतल्या संशोधनावर उभ्या राहणाऱ्या असल्या धंद्याला ‘डीप टेक’ म्हणतात. तिचे नाव मी घेणार नाही, कारण तिने जळगाव जिल्ह्यात येऊन कोणाला शेअर घ्यायला सांगितले नव्हते. सांगणारे आमचेच नाना होते. त्या सतरंजीवर तीन तास बसून मला जे ज्ञान मिळाले, ते या क्षेत्रात नव्याने उतरणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढ्याच शुद्ध हेतूने हे लिहीत आहे.

प्रथम आपण ऑक्सफर्डची कथा तोंडपाठ करावी. सन २००० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाला रसायनशास्त्राची नवी इमारत बांधायची होती. लंडनच्या एका दलाली संस्थेने तिच्यासाठी दोन कोटी पौंड दिले आणि त्या बदल्यात, त्या विभागातून पुढील पंधरा वर्षांत ज्या कंपन्या निघतील त्यांतल्या विद्यापीठाच्या हिश्श्याचा निम्मा भाग लिहून घेतला. याच करारातून पुढे आयपी ग्रुप ही कंपनी उभी राहिली. कथा खरी आहे आणि मनोरंजकही आहे. ती सांगताना आपण घेतलेला शेअर वेगळ्याच कंपनीचा आहे, याची आठवण कोणी करून दिल्यास त्याच्याकडे दयेने पाहावे.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘एनएव्ही’ हा शब्द प्रत्येक तिसऱ्या वाक्यात आला पाहिजे.

एनएव्ही (नेट ॲसेट व्हॅल्यू) म्हणजे कंपनीच्या मालकीच्या सगळ्या हिश्श्यांची किंमत आणि हातातली रोकड, वजा देणी, भागिले शेअरची संख्या. ती शंभर पेन्स, म्हणजे एक पौंड, असेल आणि बाजारात शेअर पन्नासला मिळत असेल, तर आपण मांडी बदलून म्हणावे, “रुपयाची वस्तू आठ आण्यांना मिळते आहे.” हे वाक्य आमच्या नानांनी त्या दिवशी पाच वेळा म्हटले आणि पाचही वेळा सतरंजीवरच्या माना डोलल्या. मग रुपयाची वस्तू आठ आण्यांना विकणारा तो वेडा कोण, हा प्रश्न आपण चुकूनही विचारू नये. तसेच, तो रुपया ठरवला कोणी, हेही विचारू नये. ज्या कंपन्या कोणत्याही बाजारात नोंदलेल्या नाहीत, ज्यांच्याकडे एक प्रयोगशाळा, दोन पेटंटे, तीन संशोधक आणि अठरा महिने पुरेल एवढी रोकड आहे, त्यांची किंमत बहुतेक वेळा भांडवल उभारणीच्या मागच्या फेरीत कोणी कितीने पैसे घातले यावरून धरली जाते, आणि त्या फेरीत पैसे घालणाऱ्यांत पुष्कळदा हीच कंपनी बसलेली असते. पुढची फेरी खालच्या भावाने झाली की कालचा रुपया आज दहा आण्यांचा होतो; फेरी झालीच नाही तर त्याचे काय होते ते आपण जाणताच. लेखापरीक्षक हे सगळे तपासतात, नियमाने तपासतात, मी त्यांना दोष देत नाही. पण महाराज, आपण रावेर-यावलची माणसे! केळीचा व्यापारी मळ्यात आला की तो नवती (नवी लागवड) आहे की पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांची) हे विचारतो, घड उलटून बघतो, करपा कुठवर चढला ते पानावरून ओळखतो आणि मग भाव काढतो. त्यावरही वजनाच्या वेळी कटती कापतोच. कापसाच्या गाडीत हात कोपरापर्यंत घालून आतला ओलावा बघणारे आपण. भाजीवालीकडून दोन रुपयांची मेथी घेताना जुडी सोडून बघणारे आपण. आणि सात समुद्रांपलीकडच्या, कधीही न पाहिलेल्या चाळीस कंपन्यांचा ढीग कोणीतरी कागदावर मोजून दिला, तर त्यातल्या एकीचे तरी नाव, ती काय बनवते, तिची विक्री किती, हे न विचारता त्याला आपण ‘स्वस्त’ म्हणतो! मी त्या दिवशी सतरंजीवर विचारले की या ढिगातल्या पाच कंपन्यांची नावे कोण सांगेल. दोन आली. तिसरे आले ते मोबाईलमध्ये शोधून. पण मी सल्ला देण्यासाठी लिहायला बसलो आहे, तेव्हा पुढे जाऊ.

कोणी घाई करू लागला तर त्याला ‘संयम’ हा शब्द द्यावा. उदाहरण ऑक्सफर्ड नॅनोपोरचे द्यावे: डीएनए वाचणारी छोटी यंत्रे बनवणारी ही कंपनी विद्यापीठातून २००५ मध्ये निघाली आणि २०२१ मध्ये बाजारात आली. सोळा वर्षे. आपली केळी वर्षा-सव्वा वर्षात कापणीला येते, आणि सतरंजीवरच्या बापूंसारखा पासष्टीचा शेतकरी ऐंशी ओलांडल्यावर नफा मोजणार, यात आपल्याला काही वावगे वाटू नये. ती ४२५ पेन्सने आली आणि पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर गेली, हे दोनदा सांगावे. नंतर ती ४२५ च्याही बरीच खाली आली, हे सांगण्याआधी जेवायला उठावे.

कोणी ॲलाइड माइंड्सचे नाव काढले तर “ती अमेरिकेची होती” एवढेच म्हणावे. हीच कल्पना घेऊन ती २०१४ मध्ये लंडनच्या बाजारात १९० पेन्सने आली, वर्षभरातच भाव दुपटीहून पुढे गेला, २०१७ मध्ये तिने एका दमात सात कंपन्यांवर पाणी सोडले, आणि २०२२ मध्ये तर ती बाजारातूनच निघून गेली. नील वूडफोर्ड या नामांकित फंड व्यवस्थापकाचा मोठा पैसा असल्याच कंपन्यांत होता आणि जून २०१९ मध्ये त्याच्या फंडातून पैसे काढण्याची दारे बंद झाली तेव्हा सामान्य ब्रिटिश गुंतवणूकदारांचे अब्जावधी पौंड आत अडकले. त्यालाही उत्तर तयार ठेवावे: “तो फंड होता, ही कंपनी आहे.”

कराविषयी बोलणे अशुभ समजावे. परदेशी शेअर हातात असला की उत्पन्न कितीही कमी असो, विवरणपत्र भरावेच लागते आणि त्यात तो शेअर दाखवावा लागतो. पण शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून ज्यांनी जन्मात रिटर्न भरलेला नाही, त्यांना हे सांगून त्यांचा उत्साह कशाला घालवावा?

प्रश्न विचारणाऱ्याला ‘नकारात्मक’ म्हणावे.

हा सल्ला सर्वांत उपयुक्त आहे, कारण तो मी डोळ्यांनी पाहिला. वांगी सोलून झाली होती, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून भरीत ठेचायला घेतले होते, आणि इतका वेळ गप्प बसलेले बापू हळूच म्हणाले, “भाऊ, त्या कंपनीले पैसा येतो कोठून?” बापूंनी कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या, केळीचे चार लाख या शेअरमध्ये घातले आहेत. त्यांचा प्रश्न त्या तीन तासांतला एकमेव शहाणा प्रश्न होता. उत्तर सोपे होते: हिस्से विकले तर येतो, आणि विकणे काही वर्षे नीट जमलेले नाही. पण नाना हसले, म्हणाले, “बापू, हे डीप टेक आहे, तुम्ही भरिताकडे बघा.” सगळे हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवतो.

मग नानांनी ताजा भाव दाखवायला आपला मोबाईल फिरवला. तो माझ्या हातात आला तेव्हा बोट चुकून खाली सरकले आणि नानांच्या खात्यातल्या शेअरची यादी समोर आली. तिच्यात ही कंपनी नव्हती. मी विचारले तर म्हणाले, “ते दुसऱ्या खात्यात आहेत.” हात धुताना विहिरीपाशी गाठले, तेव्हा खाली बघत म्हणाले, “दिवाळीआधीच काढले. मुलीच्या लग्नाचे बघायचे आहे.” मग आम्हाला का सांगितले नाही, असे विचारल्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “सांगितले असते तर सगळ्यांनी विकले असते, भाव पडला असता.” लंडनचा भाव! यावलच्या बारा माणसांनी विकल्यामुळे!

इथे माझा उपरोध संपला. नाना, आणि नानांसारखे जे कोणी हे वाचत असतील ते सगळे, ऐका. विकणे गुन्हा नाही. मुलीचे लग्न आहे, विका. भरवसा उडाला आहे, विका. पण विकून मोकळे झाल्यावर पुन्हा सतरंजीवर बसून “रुपयाची वस्तू आठ आण्यांना” म्हणता, तेव्हा ती आठ आण्यांना विकणारा माणूस तुम्हीच असता, आणि समोर बसलेल्या बापूला तो वेडा कोण हे विचारूही देत नाही. तुम्हाला कंपनी कळत नव्हती हे समजू शकतो, मलाही कळत नव्हती. पण ज्याने तुमच्या शब्दावर केळीचे पैसे लावले त्याच्या प्रश्नावर हसलात, ते अज्ञान नव्हते. तो नीचपणा होता. आणि हसण्यात तुम्हाला साथ देणारे आम्ही अकरा जण काही धुतल्या तांदळासारखे नाही. आम्हाला आमचा तोटा झाकायचा होता, म्हणून आम्हाला बापूचा प्रश्न नको होता.

पुढच्या महिन्यात भुसावळला पुन्हा जमायचे ठरले आहे. मी येणार आहे, बापूंनाही घेऊन येणार आहे, आणि बोलणे सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या खात्यात आज किती शेअर आहेत आणि शेवटची विक्री कोणत्या तारखेला केली, हे मोबाईल उघडून दाखवायचे आहे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी वांगी भाजायला बसावे.