दीड हजार चित्रपट आणि भाड्याचा फ्लॅट

पुण्याच्या एरंडवण्यातील आमच्या सोसायटीचा पुनर्विकास आता नक्की झाला आहे आणि पावसाळा संपल्यावर आम्हाला काही वर्षांसाठी भाड्याच्या घरात राहायला जायचे आहे. भांडी, कपाटे आणि पुस्तके यांचा निर्णय घरात फारशी चर्चा न होता झाला. चित्रपटांच्या संग्रहाचा मात्र अजून झालेला नाही. व्हीसीडी, डीव्हीडी आणि नंतरच्या काळात घेतलेल्या थोड्या ब्लू-रे मिळून माझ्याकडे दीड हजारांच्या आसपास चित्रपट आहेत. त्या भिंतीकडे पाहिले की मला अभिमान वाटतो आणि तितकीच अस्वस्थताही वाटते. या दोन्ही भावना मला खऱ्या वाटतात, म्हणून त्यांच्याविषयी जरा सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी व्हिडिओ लायब्ररीचा काळ पाहिला आहे त्यांना या संग्रहामागची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्या काळी कॅसेट एका रात्रीपुरती घरी येत असे आणि दुसऱ्या दिवशी परत करावी लागत असे. आवडलेला चित्रपट आपल्या घरात कायमचा राहू शकतो, ही कल्पनाच सर्वसाधारण मध्यमवर्गीय घरांत नव्हती. पुढे व्हीसीडी आल्या, मग डीव्हीडी आल्या, परंतु अस्सल डीव्हीडीला काही शे रुपये मोजावे लागत आणि रस्त्यावरची चोरटी प्रत घ्यायची नाही असा माझा नियम होता. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला सुरुवात केली तेव्हा चित्र पालटले. चहा-नाश्त्याच्या खर्चात एक चित्रपट घरी येऊ लागला. माझ्या संग्रहाचा मोठा भाग त्या पुढच्या काही वर्षांतला आहे.

पुण्यात राहिल्यामुळे या ओढीला आणखी खतपाणी मिळाले. लॉ कॉलेज रस्त्यावर एका बाजूला प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आणि त्याच रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, अशा परिसरात वावरणाऱ्या माणसाला चित्रपट ही केवळ शुक्रवारी लागून गुरुवारी उतरणारी गोष्ट वाटत नाही. संग्रहालयाच्या सभागृहात आणि फिल्म क्लबांच्या खेळांना जे पाहिले त्यातले पुष्कळ पुन्हा कधी पाहायला मिळेल याची शाश्वती नसे. म्हणून तोच चित्रपट डीव्हीडीवर हाती आला की एखादे दृश्य थांबवून पाहणे, आवाज बंद करून केवळ हालचाल पाहणे, दिग्दर्शकाचे भाष्य ऐकत पुन्हा पहिल्यापासून पाहणे हे सगळे शक्य झाले. चित्रपटाचे संकलन (एडिटिंग) म्हणजे काय हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा रिमोटवरच्या थांबवण्याच्या बटणाने अधिक शिकवले. या आनंदाला मी आजही कमी लेखणार नाही.

अस्वस्थता सुरू होते ती येथूनच. चित्रपट हाताशी आहे याचा अर्थ तो आज पाहिलाच पाहिजे असे उरत नाही. संग्रहालयातला शनिवारचा खेळ चुकवला तर तो चुकलाच, म्हणून कामे उरकून, पावसात भिजत का होईना, तेथे पोहोचावे लागे; कपाटातला चित्रपट मात्र कितीही वर्षे वाट पाहतो आणि आपण त्याला वाट पाहायला लावतो. माझ्या कपाटात प्लास्टिकचे वेष्टनही न काढलेले चित्रपट आहेत. त्यांपैकी काही जगातल्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांत गणले जातात. ते विकत घेताना मला जो आनंद झाला तो खरा होता, पण तो विकत घेण्याचा आनंद होता; पाहण्याचा आनंद अजून व्हायचा आहे. संग्रह वाढत गेला तसा माझा पाहण्याचा वेळ वाढला नाही, हे साधे गणित आहे आणि बहुतेक संग्राहकांच्या घरी ते असेच असावे.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. आपल्या मालकीची वस्तू आपल्यापाशी राहते, असे आपण गृहीत धरतो. तबकडीचे तसे नसते. पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक थरामागे ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ परावर्तक थर असतो. त्यापर्यंत हवा आणि ओल पोहोचली की तो काळवंडतो आणि मग चित्र अडखळू लागते. डीव्हीडी तर दोन चकत्या डिंकाने चिकटवून केलेली असते, त्यामुळे तो जोड सुटला की सगळेच संपते. पुण्याच्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या भिंतीला लागून ठेवलेल्या डीव्हीडीच्या मुखपृष्ठांवर बुरशी धरते, हे मी दरवर्षी पाहते. मी त्या उभ्या ठेवते, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि पुसायच्या झाल्या तर मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसते, कारण गोल फिरवून पुसल्यास पडणारा ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर जातो आणि यंत्राला वाचनातली चूक दुरुस्त करता येत नाही.

तबकडी टिकली तरी ती वाचणारे यंत्र टिकायला हवे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली व्हीसीआरचे उत्पादन थांबवले आणि घरोघरच्या कॅसेटी त्या दिवसापासून अधिकच मुक्या होत गेल्या. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारपेठेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणे बंद केले. नव्या लॅपटॉपला तबकडीची खाचच नसते. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, अजून प्लेअरची लेन्स बदलून देणारे कुशल कारागीर भेटतात, पण सुटे भाग मिळणे दरवर्षी अवघड होत चालले आहे. दीड हजार चित्रपट एका छोट्याशा लेन्सवर अवलंबून आहेत ही जाणीव सुखाची नाही.

यावर घरातले आणि बाहेरचे सगळेच मला ओटीटीचे उत्तर देतात. ते उत्तर मी गंभीरपणे घेतले आहे. घरी दोन सेवांची वर्गणी आहे आणि त्यांवर मी भरपूर पाहतेही. परंतु तेथे आपण चित्रपट घेत नाही, केवळ पाहण्याची मुभा घेतो. एका सेवेवर मी यादीत घालून ठेवलेला चित्रपट एका महिन्याअखेर निघून गेला, कारण त्यांचा हक्कांचा करार संपला होता. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू झाला आहे की, डिजिटल चित्रपट विकताना ग्राहकाला मालकी नव्हे तर परवाना मिळतो आहे हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. शिवाय तेथे मिळणारी आवृत्ती कोणती, हाही प्रश्न आहेच. जुन्या चित्रपटांची चौकट चाराला तीन या प्रमाणात असते; ती आजच्या रुंद पडद्यावर भरण्यासाठी काही ठिकाणी वरून-खालून कापली जाते आणि नटाच्या कपाळापाशी चित्र संपते. कॅमेऱ्यामागच्या माणसाने विचारपूर्वक मोकळी ठेवलेली जागा अशी छाटलेली पाहताना मला मनापासून वाईट वाटते.

अर्थात माझ्याकडच्या प्रतीही निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या प्रतीत तो अनेकदा २५ चौकटींनी चालवलेला असतो, त्यामुळे अडीच तासांचा चित्रपट साधारण सहा मिनिटे आधी संपतो आणि आवाजाची पट्टी चढते. ज्यांनी एखादे गाणे आकाशवाणीवर वर्षानुवर्षे ऐकले आहे त्यांना ही चढलेली पट्टी लगेच कानाला खटकते.

घर रिकामे करण्याच्या निमित्ताने मी संपूर्ण संग्रह जमिनीवर मांडला आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या मनात स्वच्छ झाली. ज्या संचांचा मला सर्वांत जास्त अभिमान होता, म्हणजे परदेशातून मागवलेले, जाड पुठ्ठ्याच्या पेटीतले, पुस्तिकेसह येणारे अभिजात चित्रपट, त्यांच्यासाठी जगाला माझ्या कपाटाची काही गरज नाही. ते जपणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्या नव्या पुनर्संचयित आवृत्त्या निघत राहतात आणि उद्या माझी प्रत नष्ट झाली तर दुसरी मिळेल. या उलट खालच्या खणात, पातळ कागदी पाकिटांत, दोन-दोन तबकड्यांत विभागलेल्या ज्या मराठी व्हीसीडी आहेत त्यांतल्या कित्येकांचे तसे नाही. गाजलेले विनोदी चित्रपट यूट्यूबवर सहज मिळतात, हे खरे आहे. पण मधल्या फळीतले चित्रपट, म्हणजे ज्यांना ना पुरस्कार मिळाला ना फार गर्दी झाली असे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले कौटुंबिक, ग्रामीण आणि तमाशाप्रधान चित्रपट, त्यांचा शोध घेतला तर अनेकदा एखादे गाणे तेवढे हाती लागते.

तांत्रिकदृष्ट्या या व्हीसीडी अगदी सामान्य आहेत. चित्र जेमतेम ३५२ बाय २८८ बिंदूंचे, कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह, सुरुवातीला जाहिराती, आणि एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटे मावत असल्यामुळे पहिला भाग कुठेही, अगदी संवादाच्या मध्येही, तुटलेला. माझ्या सासूबाई दुपारी हे चित्रपट लावत आणि स्वयंपाकघरात मला हाक येई, "सीडी संपली गं, दुसरी लाव." त्यांना त्यांतले संवाद पाठ होते आणि कोणत्या नटीचे लुगडे कोणत्या धाटणीचे आहे, जात्यावर बसण्याची पद्धत कोणत्या भागातली आहे, हे त्या नेमके सांगत. चित्रपट म्हणून त्यांतले बरेच दुबळे आहेत असे माझे मत आहे. तरीही त्यांतल्या रस्त्यांवर, एसटी स्टँडवर, वाड्यांच्या चौकांत आणि बोलण्याच्या लकबींत जो महाराष्ट्र आहे तो दुसरीकडे इतका सलग दिसत नाही.

येथे मला पी. के. नायर यांची आठवण होते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभे केले त्या नायरांचा आग्रह असा होता की, संग्रह करणाऱ्याने चांगल्या-वाईटाचा निवाडा करू नये. जे मिळेल ते आधी वाचवावे. हा आग्रह कशातून आला असेल हे आपला इतिहास पाहिला की समजते. भारतात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले आणि त्यांतले तीससुद्धा आज शिल्लक नाहीत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भागच उरला आहे आणि १९३१ चा आपला पहिला बोलपट 'आलम आरा' याची एकही प्रत उपलब्ध नाही. जुन्या फिल्ममधली चांदी काढण्यासाठीही कित्येक रिळे नष्ट केली गेली. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट या चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मची अनेक रिळे जळाली. त्या काळी हे चित्रपट सामान्यच मानले जात होते. त्यांचे मोल ते गेल्यानंतर कळले.

माझी व्हीसीडी म्हणजे जतन नव्हे, याची मला पूर्ण कल्पना आहे. जतन होते ते मूळ निगेटिव्हचे, थंड आणि कोरड्या तिजोरीत, जाणकारांच्या हातून. परंतु निगेटिव्ह कोठे आहे हे निर्मात्याच्या वारसांनाच माहीत नसेल, तर ती वाईट चित्राची, तुटक प्रतसुद्धा कथानक, श्रेयनामावली आणि संवाद यांचा पुरावा म्हणून उरते. त्यामुळे अभिमान कशाचा बाळगायचा, याची माझ्यापुरती जागा बदलली आहे. अस्वस्थता संपलेली नाही, उलट वाढली आहे, कारण आता ती जबाबदारीची आहे: एका खासगी फ्लॅटमध्ये, एका व्यक्तीच्या हौसेवर हे चित्रपट अवलंबून असणे बरोबर नाही.

कायद्याचीही एक बाजू आहे. घरगुती प्रत ही घरी पाहण्यासाठीच असते. सोसायटीच्या सभागृहात किंवा गणेशोत्सवात पडदा लावून ती दाखवायची तर हक्कधारकाची परवानगी लागते. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क तो प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो, म्हणजे पन्नाशीच्या दशकातले चित्रपट आता मुक्त झाले आहेत, पण मी ज्यांच्याविषयी बोलते आहे ते बहुतेक अजून हक्कांतर्गत आहेत. त्यामुळे ते इंटरनेटवर टाकावेत असे मी म्हणणार नाही. खासगी वापरासाठी हार्ड डिस्कवर उतरवणे मात्र मी सुरू केले आहे. एका चित्रपटाच्या दोन तबकड्या मिळून सव्वा ते दीड जीबी होतात, म्हणजे तीनशे चित्रपट एका तळहाताएवढ्या डिस्कवर मावतात. त्यासाठी भाड्याच्या घरात वेगळे कपाट लागत नाही.

परदेशी संचांपैकी जे पुन्हा पाहायचे आहेत ते मी ठेवते आहे आणि उरलेले एखाद्या फिल्म क्लबच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला अभ्यासासाठी देण्याची माझी इच्छा आहे. ज्यांच्या संस्थेत चालू स्थितीतला प्लेअर आणि ओल न येणारी खोली आहे त्यांनी दिवाळीपूर्वी मला संदेश पाठवावा, मी यादी देईन. आणि ज्यांच्या माळ्यावर जुन्या मराठी व्हीसीडी पडून आहेत, विशेषतः १९७० ते १९९० या काळातल्या चित्रपटांच्या, त्यांनी त्या भंगारात किंवा जुन्या बाजारात देण्याआधी केवळ चित्रपटाचे नाव आणि वितरक कंपनीचे नाव येथे लिहावे. ज्या चित्रपटांची दुसरी प्रत कोणाकडेच आढळणार नाही त्यांची यादी मी करते आहे. ती पूर्ण झाली की राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला सादर करीन आणि त्यांच्याकडे त्यांची मूळ फिल्म आहे का, अशी लेखी विचारणा करीन.